हिरव्या झग्याचे टाके

धाकटीच्या वागण्यात काही ताळमेळ उरला नव्हता. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून पाय सुजवायचे, आणि हातात येणाऱ्या तुटपुंज्या पगारातून दर शनिवारी जुन्या कपड्यांच्या दुकानातून काहीतरी झोकदार उचलून आणायचं. बरं, आणलं तर घालावं! तेही नाही. शनिवारी खुंटीला लागलेला कपडा बुधवारपर्यंत गायब.

"तो जांभळा शर्ट कुठे गेला?" आई विचारायची.

"मला नाही शोभला. मैत्रिणीला दिला."

"तुझ्या मैत्रिणी उघड्याच फिरतात वाटतं."

धाकटी हसायची नाही. पूर्वी हसायची.

आई घरी बसून लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची. शाळा चौथीत सुटलेली, सही करायची म्हणजे घाम फुटायचा. पण प्रत्येक शिवणीच्या शेवटी ती तीन आडवे टाके घालायची, मुंगीच्या पायांइतके बारीक. तीच तिची सही. आणि मापाच्या बाबतीत तिला फसवणारा अजून जन्मायचा होता. धाकटी आणते ते कपडे तिच्या मापाचे नाहीत, हे तिला पहिल्या नजरेत कळलं होतं. खांद्यांत रुंद, उंचीला वीतभर जास्त.

ते माप थोरलीचं होतं. आणि थोरलीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी आईनं तिला हिरवा झगा शिवून दिला होता, रात्री जागून. थोरली आरशासमोर उभी राहिली, मान कलती करून स्वतःकडे बघत म्हणाली, "घरी शिवलेला दिसतोय गं. दुकानातल्यासारखा नाही वाटत."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग जा, पाण्यात जाऊन पड!"

थोरली त्याच झग्यानिशी घराबाहेर पडली. आठव्या दिवशी नदीतून एक देह वर काढला. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आईनं झग्याची कड उलटून पाहिली. तीन आडवे टाके. "माझीच आहे," ती म्हणाली. सही करायला हात उठेना, म्हणून कागदावर अंगठा दिला.

मागच्या महिन्यात धाकटीनं आधी गायब झालेलं एक जॅकेट बटण लावायला पुढे केलं. आईनं ते मांडीवर घेतलं. कॉलरला थोरलीच्या अंगाचा वास होता. बटण लागलं, दोरा तुटला. आईला जे समजायचं ते समजलं. पोरीची नटण्याची हौस मेल्यावरही फिटली नव्हती. धाकटीच्या हातांनी ती खरेदी करत होती. आज कपडे नेतेय, उद्या धाकटीलाच ओढून नेईल.

एक गेली होती. दुसरी द्यायची नाही, असं आईनं मनाशी पक्कं केलं.

"या शनिवारी मीही येते," ती म्हणाली.

"कशाला, आई? तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. मी बघेन."

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना रांगेनं लटकलेले कपडे, माणसं आतून निसटून गेल्यासारखे. आईला वाटलं, एखादी बाही आता हलेल. दुकानवाली कोपऱ्यात शर्टांच्या घड्या घालत होती.

धाकटीनं एक राखाडी लांब कोट काढला, अंगाला लावला आणि आरशासमोर उभी राहिली. टाचा उचलून, चवड्यांवर. मान कलती.

आईला आरशात थोरलीच दिसली.

"टाचा टेक," ती म्हणाली.

"लांबी बघतेय गं." धाकटीनं कोटाला अडकवलेली चिठ्ठी पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "नको. परवडणार नाही."

आता कोट सोडून निघावं, हेच बरं होतं. पण घासाघीस करण्याची संधी आईनं आयुष्यात सोडली नव्हती. तिनं कोट उलटा केला. "अहो बाई, अस्तर बघा कसं लोंबतंय. हे काय ढेरी ठेवायला आहे का? मी इथंच शिवून घेते, तुम्ही भाव उतरवा."

"उतरवते मावशी. शिवा तर खरं."

आईनं पिशवीतून सुई काढली आणि स्टुलावर बसली. दुकानवाली कौतुकानं वाकून बघत राहिली. शेवटचे तीन टाके पडले तशी तिनं चष्मा सावरला.

"अगं बाई, हे टाके मी पाहिलेत! हिरवा झगा होता. तीनेक वर्षं झाली असतील. एक उंच पोरगी आली, झगा इथंच काढून विकला आणि त्याच पैशांत निळा पँट-शर्ट चढवून गेली. दुसऱ्याच दिवशी झगा खपला. रडून डोळे सुजलेली कुणीतरी मुलगी होती. भावसुद्धा केला नाही हो तिनं."

धाकटीच्या हातातला हँगर खाली पडला. "मावशी, तुमचं काहीतरी चुकतंय..."

"माझं? कपड्यांत?"

आईनं सुई रिळात खोचली. शवागाराच्या त्या गार खोलीत तिनं जिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला होता, तिची आई अजून कुठेतरी दाराकडे बघत बसली असेल. आरशासमोर धाकटी उभी होती. टाचा आता जमिनीला टेकल्या होत्या, डोळे वर उठत नव्हते.

आई उठली, कोट तिच्या खांद्यांवर ठेवला आणि बाही ताणून पाहिली.

"घे. कोट चांगला आहे," ती म्हणाली. "पण तुझ्या ताईचे हात लांब आहेत, बाही दोन बोटं वाढवावी लागेल. आणि मी माप अंगावरच घेते, हे तिला सांग."