घोडपदेवची झील

वृंदा पुढची ओळ उचलायची आणि घोडपदेवच्या बेंजो पार्टीने मागच्या ओळीला कोरसात दिलेली झील तिच्यावर येऊन आदळायची. गाण्याचा पार विचका झाला होता.

"अगं, जरा दम धर की!" तिकडून धाकूमामा ओरडले.

"दम धरला की ताल मोडतो, मामा. आवाज जाऊन यायला अडीच सेकंद लागतात. मी चंद्रावर आहे, भायखळ्याला नाही!"

"मग राहू दे. पण गिरगावाला गाणं आहे, परळला आहे. जिला स्वतःचं गाणं नाही ती कसली वस्ती? नुसता पत्ता!"

ते वृंदाला झोंबलं. तिने आपल्याच गल्लीतल्या ढोलकीवाल्या अस्लमला सांगितलं, "माझी ओळ संपली की ती रिकामी जागा तू भरायचीस. त्यांची झील येईपर्यंत हात थांबवू नकोस."

विसर्जनाच्या दिवशी चंद्रावरच्या बोगद्यातली अख्खी गल्ली जमली. वृंदाने स्वतःच्या गल्लीचं गाणं सुरू केलं. ओळ संपली, अस्लमची ढोलकी कडाडली आणि बरोबर समेवर घोडपदेवची झील येऊन पडली. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती, ती पोरंसुद्धा बेभान नाचू लागली.

शेवटची, झील नसलेली ओळ संपली. ढोलकी थांबली. स्पीकर गप्प होता. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत राहिली.

मग पृथ्वीवरून आरोळी येऊन थडकली, "वन्स मोअर!"

सगळ्यांत वरचा आवाज धाकूमामांचा होता.