रंग वाळेपर्यंत

ब्रह्मपुरीच्या मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटांचं वार्निश पार काळवंडलं होतं. प्रफुल पेंटरनं दारं उतरवून सोड्याच्या पाण्यानं तेलकटपणा धुतला, पॉलिशपेपरनं घासून वार्निशची चमक काढली, प्रायमर मारला आणि आज दुपारी पिवळ्या रंगाचा शेवटचा हात दिला. इतके दिवस बाई स्टुलावर बसून त्याच्याशी बोलत होत्या.

निघताना तो म्हणाला, "बाई, तुमाले दमा हाये. वास जाईपर्यंत इथी झोपू नका. दोन दिवस कोणाकडं जाऊन राहा."

"जाते ना."

"कोणाकडं जाता?"

बाईंनी स्टूल बाजूला सरकवलं. "मूल गावाले. बहिणीकडं."

त्यांनी पिशवी भरली, घराला कुलूप लावलं. प्रफुलनंच त्यांना गाडीवर बसवून बसस्टँडवर सोडलं.

दिवस मावळताना तो दुसरं काम आटोपून त्याच रस्त्यानं परतला, तर बाई अजून बाकावर बसलेल्या. मूलची बस त्यांच्यासमोरून हळूहळू फाटकाकडे वळत होती.

प्रफुल धावत आला. "बाई, तुमची गाडी निघाली ना! थांबवू का?"

बाईंनी त्याचा हात धरला आणि त्याला शेजारी बसवलं.



"जाऊ दे रे. बहीण तं कधीचीच वारली. तू इचारलं तवा दुसऱ्या कोणाचं नावच सुचलं नाई."