घासलेली कल्हई

“हे कोनं घासलं?” पुंजाजीने पितळी गंज उन्हात तिरपा धरला आणि आत डोकावून पाहिलं.

“मीच घासलं, काका,” पौर्णिमा म्हणाली. “कावून?”

पुंजाजी कल्हईवाला. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत तो वर्षातून तीन-चारदा येतो, भाता मांडतो आणि निम्म्या गल्लीची भांडी आतून पांढरी करून जातो. खुशालरावांच्या घरचा हा गंज त्याने दोनच महिन्यांपूर्वी करून दिला होता. म्हणून तर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“अवं, कल्हई पार खरडून काढली तू. आतून पांढरं होतं ना? ते कथील होतं.”

“मले वाटलं डाग हायेत.”

खरंच वाटलं होतं. पौर्णिमा अमरावतीची. माहेरी सगळं स्टील आणि नॉनस्टिक. लग्नाला पाच महिने झालेले. बाहेरून पिवळंधमक असलेलं भांडं आतून करडं का, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एक दिवस हौसेने तिने चिंच, राख आणि तारेची घासणी घेतली आणि दुपारभर घासून गंज आतूनही चकाचक केला. सासूबाई खूश होतील म्हणून. कष्टाच्या बाबतीत पोरीला नाव ठेवायला जागा नव्हती.

“पितळ म्हंजे तांबं आन् जस्त,” पुंजाजी निखारे सारखे करत म्हणाला. “पान्याले चालते. पन आंबट लागलं का त्यातलं तांबं सुटते. कढी, ताक, चिंचेचं वरन, सारं कळकते. जहर होते, पोरी. म्हून तं आतून कथलाचा हात द्या लागते.” मग त्याने सहज विचारलं, “आंबट तं नाई ना केलं यात?”

“नाई,” पौर्णिमा म्हणाली.

कढीच झाली होती त्यात. महिन्यापूर्वी.

तिच्या सासऱ्यांना, खुशालरावांना, कढी लागायची ती पितळेतलीच आणि आदल्या दिवशीची. स्टीलमधलं म्हणजे हॉटेलातलं, असं त्यांचं मत. तेल्हाऱ्याच्या शेतात असोत की घरात, त्यांच्या मताविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती. कधीकाळी भाकर करपली म्हणून त्यांनी भिरकावलेल्या तांब्याची खूण कौशल्याबाईंच्या भुवईत अजून होती. विचारलं तर त्या दार लागलं म्हणायच्या. आणि तरी नवऱ्याला स्वतःच्या हाताने वाढायच्या. वाढायचं काम त्यांनी सुनेकडे कधी दिलं नाही. पौर्णिमाला त्यांची कीव यायची.

त्या मंगळवारी दुपारी तिघं जेवली. पौर्णिमाचा नवरा नितेश बडनेऱ्याला रेल्वेच्या ड्युटीवर होता. पौर्णिमा दोन वाट्या कढी प्यायली, तिला काही झालं नाही. खुशालरावांना मात्र संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ते गेले. मूत्रपिंडं आधीच अधू होती. डॉक्टरांनी तेच कारण लिहिलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

आता पौर्णिमाला खरं कारण कळलं. आपल्या तरण्या पोटाला जे पचलं, ते म्हाताऱ्याच्या दुखऱ्या जिवाला पचलं नाही. माणूस कसाही असो, आपल्या हाताने गेला.

पुंजाजीने गंज पुन्हा पांढरा करून दिला. तिने तो फडताळात मागे ढकलून ठेवला. पुढचे चार दिवस तिला घास गिळवेना. नितेशच्या डोक्यावर जेमतेम उगवलेले केस दिसले, की तिला त्याच्याकडे पाहायची लाज वाटे. सांगितलं तर घर सुटेल, नितेशही सुटेल. नाही सांगितलं, तर जन्मभर याच घरात, बापाला मारून मुलाच्या ताटात वाढायचं. त्यात कौशल्याबाई तिच्याशी जास्तच मायेने वागत होत्या. “खाय वं, वाळून चालली,” म्हणत ताटात पोळी टाकत. ती माया तिला सोसवेना.

पाचव्या दिवशी नितेश ड्युटीवर गेला. कौशल्याबाई स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. पौर्णिमा त्यांच्यापुढे जाऊन बसली.

“आई, बाबा माह्यामुळे गेले.”

मग तिने सगळं सांगितलं. चिंच, राख, घासणी, पुंजाजीचं बोलणं. रडत रडत, मागचं पुढे करत सांगितलं. कौशल्याबाईंचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

“नितेशले सांगितलं?”

“नाई. आधी तुमाले सांगून राहिली.”

“नको सांगू त्याले.”

“पन मी मारलं ना त्यायले, आई!”

“तू कायले मारशीन? तुले कल्हई म्हंजे काय हेच ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक नव्हतं म्हनून काय झालं? जीव तं गेला.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमी पोलिसात द्या मले, नाई तं माहेरी पाठवा. पन असं गोड नका बोलू. तुमच्या हातूनच ते जहर वाढलं गेलं, तेबी माह्यापायी.”

कौशल्याबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. सुनेच्या सुजलेल्या डोळ्यांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. तिला असंच जळू द्यावं की नाही, हे बहुधा ठरवत होत्या.

“चाळीस वर्सं झाली मले कल्हईचे भांडे वापरून,” त्या म्हणाल्या. “गंज आतून पिवळा हाय, हे मले ताक ओतायच्या आधीच दिसलं होतं.”

पौर्णिमाला काही समजेना. “दिसलं होतं? मंग… पन आपुन तिघायनंबी तेच कढी खाल्ली ना?”

“नाई,” कौशल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची जुडी सोडली. “तुले अन् मले मी स्टीलच्या गंजातली वाढली होती.”