मांडीभर मांजर

काटा पुन्हा एकाहत्तरावरच थांबला. शिंप्याने बोक्याला छातीशी घट्ट धरलं, श्वास रोखला, पण काटा ढिम्म हलेना.

बोका काट्यावर एकटा क्षणभर टिकत नसे. म्हणून दर रविवारी शिंपीच त्याला कवेत घेऊन उभा राही आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे चौसष्ट वजा करी. ते चौसष्ट त्याने कधीकाळी खडूने भिंतीवर लिहून ठेवले होते. गिऱ्हाइकांची मापं तो दरवेळी नव्याने घेई. स्वतःचं एकदाच घेतलं होतं. बाकी उरायचे सात. वर्षभर सातच.

पंधरा वर्षांपूर्वी, मूल व्हावं म्हणून दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाल्यावर, बायको मांजराचं मुठीएवढं पिल्लू घेऊन बसली होती. "मांडी भरत नाही हो," एवढंच म्हणाली. तेव्हापासून शिंपी थोराड बोके, थोराड मांजरी हुडकून जोड्या जमवत आला. गल्लीने त्याचं नाव 'वाघवाला' ठेवलं. सहाव्या पिढीचा हा बोका दहा किलोंचा होईल, याच आशेवर तो जगत होता. स्वतःच्या ताटातला मासाही त्यालाच घाली. शिंप्याला हल्ली भूकच नसे.

"वाढलाय की," बायको म्हणाली. "टोपलीत मावत नाही."

"केस फुगलेत. काटा खोटं बोलत नाही."

त्याला धाप लागली होती. बोका उचलताना हल्ली हात भरून येत. वय झालं, दुसरं काय. पँटही धुऊन धुऊन सैल पडलेली. कमरेला दोनदा आत घेतली होती.

"वंश इथेच थांबवू," तो म्हणाला. बायकोने बोक्याला चादरीत गुंडाळलं.

जनावरांच्या डॉक्टरला शिंप्याने सांगितलं, याची नसबंदी करून टाका, हरलो मी. डॉक्टर म्हणाला, भूल द्यायची तर आधी वजन घेऊ. त्याच्या काट्यावर पिंजरा बसवलेला होता. बोका आत मुकाट बसला.

"तेरा किलो," डॉक्टर हसत सुटला. "वाघवाले, कसलं हरलात? याचा वंश थांबवायचा?"

बायकोने हात पुढे केले. बोका तिच्या मांडीवर पसरला, दोन्ही बाजूंनी ओसंडला. पंधरा वर्षांत शिंप्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तोही हसला. मग सवयीने त्याने मनाशी वजाबाकी मांडली, एकाहत्तरातून तेरा, उरले अठ्ठावन्न, आणि त्याची बोटं कमरेच्या त्या दुसऱ्या शिवणीवर जाऊन थांबली.