अंगठ्याएवढी जागा

हॉबर्टने बंदुकीची नळी खिडकीपाशी धरली आणि त्याला डाग दिसला. सगळी नळी गंजून लाल झाली होती. नाण्याएवढी एक जागा मात्र लख्ख पांढरी.

"पडला ना पुन्हा?" ओसी न्हाणीघराच्या दारातून म्हणाली.

"पडला."

"बेकन खाऊन तसाच आला असशील. बावन्न वर्षं सांगतेय, हात धू."

"धुतले होते."

"मग त्या नळीलाच तू आवडत नसशील, म्हाताऱ्या."

घरच्या घरी नळीला तपकिरी रंग चढवायचा तर गंजालाच कामाला जुंपावं लागतं. आधी नळीवरचा तेलाचा अंश न् अंश काढायचा. दोन्ही टोकांना लाकडी दट्टे ठोकायचे आणि नळी उचलायची ती त्यांनाच धरून. गंज आणणाऱ्या औषधाचा बोळा फिरवून टबात कढत पाणी सोडायचं, वाफेत नळी टांगायची. गंज चढला की गोणपाटाने घासायचं, पुन्हा औषध. आठवडाभरात अक्रोडाच्या सालीसारखा रंग येतो. पण मध्येच कुठे तुपकट बोट लागलं, तर तेवढ्या जागी गंज धरत नाही. मग सगळी नळी घासून कोरी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

हा तिसरा डाग. त्यातले दोन हॉबर्टने स्वतः पाडले होते, तव्यातल्या चरबीत अंगठा बुडवून. ते त्याला पक्कं आठवत होतं. हा तिसरा कधी पाडला, ते काही केल्या आठवेना. अठ्ठ्याहत्तरीला माणूस स्वतःची चोरीसुद्धा विसरतो.

हिवाळ्यात ओसी ओढ्याकाठी बर्फावर घसरली आणि दोन तास तिथेच पडून राहिली. मुलगी डार्लीन ओहायोहून फोनवर रडली. ओसी म्हणाली, "जाऊ या तिच्याकडे." त्या दोन तासांत हॉबर्ट इथे बसून एका बंदुकीचा खटका घासत होता. तो कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? हातातली ही शेवटची बंदूक झाली की निघायचं, घर शेजारच्या एस्टिलला द्यायचं, असं ठरलं.

तेव्हापासून घर आखडत चाललं होतं. बोळात छतापर्यंत खोके लागले होते. आडवं होऊन जावं लागे. न्हाणीघराची खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. टबाच्या कडेवर वाफेत बसलं की हॉबर्टला वाटे, डार्लीनने दोघांसाठी ठेवलेली खोली अशीच असणार. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, आणि न्हाणीघरात लोखंड टांगलेलं जावयाला खपणार नाही.

आणि ओसी रोज सकाळी विचारायची, "झाली का रे बंदूक?"

तो बोळातून निघाला तेव्हा ओसी एका खोक्यावर चिकटपट्टी लावत होती. अंगठ्याने दाबून, जोर देऊन. बरणी फुटून कापला होता तो अंगठा. मधोमध तिरकी खाच राहिली होती. हॉबर्टचा खांदा शेजारच्या खोक्याला लागला, तसा तो पाचोळ्यासारखा सरकला.

"यात काय भरलंस? वारा?"

"पडदे आहेत. तू तुझं लोखंड बघ."

मंगळवारी त्याने तिला डार्लीनशी फोनवर बोलताना ऐकलं. "हो गं बाई, माझं मन कधीच तिकडे पोचलंय. पण म्हाताऱ्याची बंदूक होऊ दे. त्याला घाई नको करूस."

हॉबर्टला स्वतःची लाज वाटली. कंबर धरून चालणारी बाई खोके भरतेय, आणि आपण तव्यात अंगठे बुडवतोय!

त्याने नळी नव्याने घासली. तेल निघावं म्हणून चुन्याने पुसली, दट्ट्यांना धरून टांगली. बोटाचं टोकही लावलं नाही. मग टोपी घालून टेकडी उतरून एस्टिलकडे गेला.

"हॉबर्टकाका, झाली वाटतं बंदूक? मला वाटलं, आता माझी नातवंडंच बघणार ती."

"बंदूक होईल. तू कागद काढ."

एस्टिलने कॉफीचा कप बाजूला सारून कागद पुढे केला. "उद्या सकाळी कचेरी उघडली की नोंदवून टाकतो. पुन्हा विचार करायचा असेल तर आत्ताच करा हं. एकदा नोंदलं की तुम्ही माझे पाहुणे."

"विचार झाला," हॉबर्ट म्हणाला आणि सही केली. पेन लवकर सुटेना हातातून.

तो घरी आला तेव्हा ओसी चुलीपाशी होती. घेवड्याच्या दाण्यांत बेकन तडतडत होतं. तो सरळ न्हाणीघरात गेला. वाफेने चष्म्यावर धुकं धरलं, तरी सवयीच्या हाताने त्याने औषधाचा बोळा फिरवला.

जेवताना तो म्हणाला, "एस्टिलकडे सही करून आलो."

ओसीच्या हातातला डाव थांबला.

"आज?"

"आज. तुझी घाई दिसत होती मला."

"बरं केलंस," ती म्हणाली. मक्याच्या पावाचा तुकडा न मागता तिने त्याच्या ताटात ठेवला. "कांदा हवाय?"

सकाळी खालच्या रस्त्यावरून एस्टिलची गाडी गावाकडे गेली. हॉबर्टने तिचा आवाज वळणापर्यंत ऐकला, मग दट्ट्यांना धरून नळी खिडकीच्या उजेडात आणली. लाल गंज एकसारखा चढला होता, मखमलीसारखा. त्याने नळी हळूहळू फिरवली.

खालच्या बाजूला एक जागा पांढरीशुभ्र राहिली होती.

त्याने चष्मा पुसला. डाग लहान होता, लांबट. त्याच्या अंगठ्याच्या निम्मासुद्धा नव्हता. आणि त्याच्या मधोमध, गंजाची एक तिरकी रेघ.