संध्याकाळचा वर्ग

“हे नको,” ताई म्हणाली आणि तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

पडद्यावर काचेची इमारत होती, हिरवळ होती आणि सूट घातलेले हसरे विद्यार्थी होते. धाकटा कितीतरी दिवस हे एकच पान उघडून बसत होता. फायनान्समधली मास्टर्स, आणि ती झाली की थेट मोठ्या बँकेत नोकरी.

“का नको?”

“फी बघितलीस?”

“बाबांचे पैसे आहेत ना ठेवलेले?”

आई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. “शिक्षणासाठीच आहेत ते,” एवढंच म्हणाली.

“मग झालं तर!”

ताईनं दुसरं पान उघडलं. सरकारी विद्यापीठ. पदवी तीच, फी निम्म्याहून कमी, वर्ग संध्याकाळी. फोटोतल्या इमारतीचा रंगसुद्धा उडालेला होता.

“संध्याकाळी? मग दिवसभर मी काय माश्या मारू?”

“नोकरी कर. तिथले बरेच जण करतात.”

ताई बँकेत काउंटरवर होती. बाबा अचानक गेले तेव्हा तिचा बी.कॉम.चा निकालही लागायचा होता. निकाल लागला आणि ती कामाला लागली ती लागलीच. त्यामुळे बँकेच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा असायचा. धाकट्याला या वेळी तो ऐकायचा नव्हता.

दोन्हीकडची मुदत शुक्रवारी संपत होती.

बुधवारी संध्याकाळी ताई गॅलरीत फोनवर बोलत होती. आवाज दबका होता, म्हणूनच त्यानं कान टवकारले.

“त्याचं ठरल्याशिवाय माझं कसं ठरवू? नाही, घरात फक्त आईला माहीत आहे. अहो, मलाही हवंय. वय काय, वाढतच जाणार.”

धाकट्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. मागच्याच महिन्यात मावशीनं एक स्थळ सुचवलं होतं. ताईनं तेव्हा हसून विषय बदलला होता. आता हॉल, कपडे, दागिने. बाबांचे पैसे कुठे चालले होते ते त्याला कळलं.

जेवताना त्यानं ताट पुढे सरकवलं. मग एकदम म्हणाला, “लग्न करायचं तर खुशाल कर. पण माझ्या शिक्षणाचे पैसे त्यात घालू नकोस.”

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. “अरे, कुणाला काय बोलतोयस तू?”

“आई, राहू दे.” ताईचा चेहरा उतरला होता. आवाज मात्र काउंटरवरचा होता, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. “तुला तेच कॉलेज हवं असेल तर सगळे पैसे घे. मी अडवणार नाही. फक्त उद्या दोन्हीकडे जाऊन ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

“आणि मग?”

“मग तू म्हणशील तसं.”

काचेच्या इमारतीत त्याला आधी कॉफी मिळाली. समोरच्या बाई गोड बोलत होत्या.

“गेल्या वर्षीच्या किती जणांना बँकेत नोकरी लागली?” त्यानं विचारलं.

“आमची मुलं सगळीकडे आहेत.”

“हो, पण बँकेत किती?”

“ते सविस्तर नंतर बोलू. आज सीट नक्की केलीत तर बरं पडेल.”

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाईंना फोन आला.

विद्यापीठात कुणी कॉफी विचारली नाही. शिपायानं वर्ग दाखवला आणि तो निघून गेला. शिकवणारे सर दिवसा एका बँकेच्या कर्ज विभागात होते. फळ्यावर एका डबघाईला आलेल्या कारखान्याची आकडेमोड होती. “द्याल कर्ज?” त्यांनी विचारलं आणि वर्गात जुंपली. धाकट्यानंही हात वर केला. तो देणार होता. सरांनी दोन-तीन प्रश्नांतच त्याची पार दाणादाण उडवली. तास संपल्याचं त्याला कळलंही नाही.

बाहेर त्यानं तोच प्रश्न चार मुलांना विचारला. दोघं आधीच बँकेत होते. एकाची मुलाखत व्हायची होती. चौथा म्हणाला, “मी दोनदा आपटलो. पण कुठे चुकलो ते आता कळतंय.”

घरी आला तेव्हा दोघी जाग्याच होत्या, आणि दोघीही उभ्या.

“बोल,” ताई म्हणाली. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

तिला जिंकल्यासारखं वाटू द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. “विद्यापीठ,” तो म्हणाला. “पण तुझ्यासाठी नाही. तिथं शिकवतात चांगलं, म्हणून.”

ताई मटकन खाली बसली. आईनं पदर डोळ्यांना लावला. लग्नाचा मार्ग मोकळा झाला म्हणून एवढा आनंद, असं धाकट्याला वाटलं आणि त्याचं मन कडवट झालं. त्यानं फी भरली, दिवसाची नोकरी धरली, पण ताईशी कामापुरतंच बोलत राहिला.

पहिल्या दिवशी तो पुढच्याच बाकावर बसला. सरांनी हजेरी सुरू केली. त्याचं आडनाव आलं.

“हजर.”

सरांनी पुन्हा तेच आडनाव घेतलं.

“हजर, सर,” तो मोठ्यानं म्हणाला. वर्गात खसखस पिकली.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमची लागली हो. या आडनावाचे दोघं आहेत वर्गात.”

मागच्या दारातून कुणीतरी धापा टाकत आत आलं.

“हजर, सर,” ताई म्हणाली. “माफ करा, बँकेतून आत्ताच सुटले.”