पहिल्या घासाचा निकाल

त्र्यंबकरावांनी पहिला घास तोंडात घातला आणि इंदुमतीबाईंनी सवयीनं श्वास रोखून धरला. मग त्यांच्या लक्षात आलं, आजचा स्वयंपाक आपला नाही. त्यांनी श्वास सोडला.

“दीड,” सर म्हणाले. दहापैकी.

हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन सरांना अकरा वर्षं झाली होती, पण मार्क द्यायची सवय काही सुटली नव्हती. शाळा गेली, पोरं गेली, हाताशी उरली एकच विद्यार्थिनी. मंगळवार पेठेतल्या त्या घरात चाळीस वर्षं रोज दोन वेळा परीक्षा व्हायची आणि निकाल पहिल्या घासालाच लागायचा. आमटी पाच. भाकरी साडेपाच, कड जाड. एका होळीला पुरणपोळीनं सातापर्यंत मजल मारली होती, पण त्या दिवशी सरांना ताप होता. ‘छान’ हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. इंदुमतीबाई त्याची वाट बघायच्या. या वयात बरं दिसत नाही, हे कळायचं त्यांना, तरी बघायच्या.

आज लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. लेकीनं, मैथिलीनं, पुण्याहून फोन करून दुपारचं टेबल राखून ठेवलं होतं. “बाबा, आईला एक दिवस तरी सुट्टी द्या,” ती म्हणाली होती. बाबांनी ती मोठ्या मनानं मंजूर केली होती.

हॉटेल इटालियन होतं, म्हणजे भिंतीवर कललेल्या मनोऱ्याचं चित्र होतं. सूप म्हणून जे आलं, ते फोडणी द्यायची राहून गेलेलं टोमॅटोचं सार होतं. गार्लिक ब्रेड सरांनी त्यात पाच मिनिटं भिजत घातला, तरी तो बधला नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनी पिझ्झ्यावर घालायला कांदा-लसूण चटणी मागितली आणि वेटरनं ती तयारच ठेवल्यासारखी आणून दिली. आपल्या हातच्या चवीबद्दल या स्वयंपाकघराचा काही गैरसमज नव्हता.

“पिठाच्या नळ्या आणि वर पोस्टर चिकटवायची खळ,” सर पास्ता चिवडत म्हणाले. “बोलाव त्या आचाऱ्याला. असा झाडतो की पुन्हा चूल पेटवणार नाही.”

इंदुमतीबाईंना, खरं सांगायचं तर, मजा येत होती. पाच-साडेपाचाची माणसं आपण, आज दीडवाला भेटला. वाढदिवसाची भेट याहून चांगली काय असणार? त्यांनी स्वतःच वेटरला हाक मारली.

आचारी आला. तिशीचा, घामाघूम. सरांना बघताच त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून पायाला हात लावला.

“सर! वळखलं न्हाई व्हय? मी ऋतुराज, दहावी ब. तुम्ही मला रोज वर्गाभाईर उभं करायचासा की! हे हाटेल माझंच हाय. जेवण कसं वाटलं, सर?”

इंदुमतीबाईंनी पुन्हा श्वास रोखला. या वेळी त्या पोरासाठी.

सरांनी घसा खाकरला. छाती जरा वर आली.

“छान!” ते म्हणाले. “अरे, फारच छान! अशी चव घरी कुठं मिळायला!”

ऋतुराजनं अभिप्रायाचं कार्ड पुढं केलं. सरांनी खिशातलं पेन काढलं, वळणदार अक्षरात ‘दहापैकी दहा’ लिहिलं आणि खाली झोकात सही केली.

इंदुमतीबाईंनी कार्ड हातात घेतलं. दोनदा वाचलं. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्याच हाताला काहीतरी कमी आहे. म्हणजे शब्द येत होता तर माणसाला. डोळ्यांत पाणी यायच्या आधी त्यांना राग आला, आणि रागाच्या आधी चक्क मोकळं मोकळं वाटलं.

“ऋतुराज,” त्या म्हणाल्या, “डबा देतोस काय रे इथनं?”

“देतो की काकू! कुणाला पायजे?”

“ह्यांना. दोन्ही वेळचा, उद्यापासून.”

“अगं...” सर म्हणाले.

इंदुमतीबाईंनी कार्ड ऋतुराजच्या हातात ठेवलं आणि पर्स उचलली.

“आमच्याकडं फार तर सात मिळतात, बाबा. तेही ह्यांना ताप असला तर.”